क्रेमरचं डुक्कर पुन्हा बाजारात

ट्रूडी होल्ट्झनं ओट्यावरचा मऊ निळा रुमाल उचलून झटकला. मग उलटा करून झटकला. मग ओट्याखाली, टोस्टरमागे आणि शेवटी कुत्र्याच्या तोंडात बघितलं. कुत्र्याच्या तोंडात फक्त कुत्र्याचे दात होते. टोकन कुठेच नव्हतं.

"बाबाऽ! इथलं नाणं कुणी घेतलं?"

हँक होल्ट्झ, म्हणजे तिचे बाबा, मागच्या दारानं आत येत होते. मिशीला पिठीसाखर लागली होती आणि चेहऱ्यावर फुकट काहीतरी मिळवलेल्या माणसाचं तेज होतं.

"कुठलं नाणं? ती पेनी होय? मी नेली की. मर्नाबाईंनी पाटी लावलीय ना दुकानावर, 'मूठभर पेन्या आणा, डोनट फुकट न्या.' बरणी पालथी केली, खण उपसला, तरी मूठ भरेना. मग ओट्यावरची उचलली. बरोब्बर मूठ भरली बघ!"

"बाबा, ती पेनी नव्हती!"

"तपकिरी होती. गोल होती. पेनीएवढी होती. ओट्यावर पडली होती."

"पडली नव्हती, ठेवलेली होती! रुमालावर!"

"मला वाटलं, तू पुसायला घेतलीयस."

"नाणं पुसत नाहीत, बाबा! कध्धीच पुसत नाहीत, किंमत जाते! आणि ते डॉक्टर स्टाउटांचं क्रेमर होतं!"

हँकच्या हातातून डोनटचा उरलेला तुकडा सुटला. कुत्र्यानं तो वरच्यावर झेलला. घरातलं तेवढंच एक काम त्या दिवशी सुरळीत पार पडलं.

क्रेमर काय चीज आहे हे आमच्या हिकरी फोर्ड गावात शाळेतलं पोरही सांगेल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा लोकांनी घाबरून होतं नव्हतं ते नाणं गाद्यांत आणि माठांत दडवलं. बाजारात सुटे मिळेनात. मग दुकानदारांनी आपापली तांब्याची टोकनं पाडून घेतली आणि लोकांनी ती सेंट म्हणून खुशाल चालवली. एका बाजूला झेंडा आणि 'देश अखंड राहो', दुसऱ्या बाजूला दुकानदाराची जाहिरात. म्हणजे देशभक्तीही झाली आणि धंदाही झाला. आमच्या गावचा किराणावाला लुकास क्रेमर याच्या टोकनावर झेंड्याच्या पाठीमागे एक गुबगुबीत डुक्कर होतं, कारण त्याच्याकडचं हॅम चांगलं असायचं. १८६३ सालची ती टोकनं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि गावात तर एकच, डॉक्टर ऑर्विल स्टाउट यांच्याकडे.

हे डॉक्टर म्हणजे दातांचे. दात काढणं केव्हाच सोडलं, पण समोरच्याला तोंड उघडायची भीती वाटायला लावण्याची सवय काही सुटली नव्हती. गावच्या नाणेसंग्राहक मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळातले सगळे सभासद अशा वयाचे की खुर्चीतून उठायचं तर आधी ठराव मांडावा लागे. गेल्या हिवाळ्यात त्यात ट्रूडी घुसली. वर्गात कधी हात वर न करणारी ही मुलगी तिथे झेंड्याच्या काठीच्या लांबीवरून डॉक्टरांशी वाद घालायला लागली आणि मग थांबेचना! डॉक्टरांनी तिला चार महिने नुसतं 'हं' केलं. आणि परवा, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी क्रेमर दुसऱ्याच्या हातात दिलं. आज दुपारी वाचनालयात मंडळाचा मेळावा होता, त्यात ट्रूडीचं भाषण होतं, विषय 'क्रेमरचं डुक्कर'.

"कडेनं धर," एवढंच ते म्हणाले होते. "आणि परत आण."

कडेनं तिनं धरलं होतं. फोटो काढायला नाणी जपायच्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून बाहेर काढलं, तेही कडेनंच. फक्त कॅमेरा आणायला वर गेली, तेव्हा बाबांची मूठ अर्धी रिकामी आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सरकारनं पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, पाडणं बंद केल्यापासून गावात हा तमाशा चालू होता. वाण्याकडे पेनी नाही, पेट्रोल पंपावर पेनी नाही. आजवर रस्त्यात पडलेल्या पेनीला कुणी वाकत नव्हतं, आणि आता लोक सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घालत होते. मर्नाबाईंचा फोन शनिवारी सकाळी कुणी उचलत नसतं, कारण दोन्ही हात कढईत असतात. ट्रूडीनं सायकल काढली.

डोनटच्या दुकानात ही झुंबड! गल्ल्याशेजारी मर्नाबाईंची ती टवका उडालेली बशी होती, तिच्यावर चिठ्ठी, 'लागली तर घ्या, उरली तर ठेवा.' ज्याला एखादी पेनी कमी पडते त्यानं उचलावी, ज्याला जड होते त्यानं टाकावी, असा तिचा जुना रिवाज. ट्रूडीनं बशीत बोट फिरवून पेन्यांवरचे चेहरे बघितले. लिंकन, लिंकन, शर्टाचं बटण, लिंकन.

"मर्नाबाई, बाबांनी सकाळी आणलेल्या पेन्या कुठायत?"

"या बशीत ओतल्या, इथूनच सुटे देते. का गं पोरी?"

"त्यातली एक मला परत पाहिजे."

मर्नाबाईंनी झारा खाली ठेवला. "एक पेनी?"

"हो. एकच. तपकिरी." खरं सांगायची सोय नव्हती. या दुकानात बोललेलं वाक्य डॉक्टर स्टाउटांच्या अंगणात सायकलच्या आधी पोचतं. "आमच्या घरची होती. बाबांनी चुकून दिली. तुम्ही म्हणाल तर डोनटचे पैसे देते."

"अगं, डोनटचं सोड. बशीतल्या पेन्या फर्न ॲपलगेटनं नेल्या मघाशी. बहीण आलीय तिची पाहुणी. गिरणीवरच्या यंत्रात दाबून घेणारेत."

जुन्या पिठाच्या गिरणीचं आता संग्रहालय झालंय आणि दाराशी ते यंत्र उभं आहे. फटीत पेनी सरकवायची, चाक फिरवायचं, की पेनी लाटल्यासारखी चपटी होऊन गिरणीचं चित्र घेऊन बाहेर पडते. दीडशे वर्षं जपलेलं डुक्कर आणि पोळी लाटायचं यंत्र! ती दारातून बाहेर कशी पडली हे तिलाही आठवत नाही.

पण दुकानात जोलीन उभी होती. जोलीन म्हणजे गावची पोस्टवाली. चांगली बाई, मनाची निर्मळ, पण पत्रासोबत बातमी न देणं तिला कामचुकारपणा वाटे.

"ऐकलंत?" जोलीन म्हणाली. "होल्ट्झांची पोरगी एका पेनीसाठी परत आली. आणि डोनटचे पैसे देते म्हणत होती! काय वेळ आलीय हो त्या घरावर."

गिरणीच्या वाटेवर ट्रूडीला पहिली हाक आली ती ओबरमायरबाईंची. त्या फाटकातच हातात झाकलेलं भांडं घेऊन उभ्या होत्या.

"थांब गं बाळा! हे घेऊन जा. ट्यूना आणि नूडल्स आहेत, वर चीज घातलंय. ओव्हनमध्ये साडेतीनशेवर गरम कर."

"ओबरमायरबाई, मला घाई आहे—"

"माहितीय गं मला. सगळं माहितीय. लाजायचं नाही अगदी. आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा तुझ्या आईनं महिनाभर डबे पाठवले होते. भांड्याखाली माझं नाव चिकटवलंय, सावकाश परत कर."

आमच्याकडे असं नूडल्सचं भांडं येतं ते घरात कुणी गेलं तर, नाहीतर नोकरी गेली तर. ट्रूडीला काही कळेना. पण भांडं नाकारायची आमच्या गावात पद्धत नाही, आणि नाकारायचं तरी थांबावं लागलं असतं. तिनं ते सायकलच्या टोपलीत ठेवलं आणि पायडल मारलं. पुढच्या चौकात न्हाव्यानं तिच्या हातात पेन्यांची पिशवी कोंबली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्याच्या पुढे कुणीतरी खिडकीतून ओरडलं, "बाबांना सांग, दिवस पालटतात!"

गिरणी दिसली तेव्हा फर्न ॲपलगेट यंत्राच्या चाकाला दोन्ही हातांनी भिडलेल्या होत्या. चर्चमधल्या गायकांच्या त्या प्रमुख. स्वतःचा आवाज इतका मोठा की दुसऱ्याचा ऐकू येणं त्यांनी हळूहळू सोडूनच दिलं होतं.

"थांबाऽऽ! मिस फर्न, थांबाऽऽ!"

फर्नबाईंना वाटलं, पोरगी हुरूप देतेय. त्यांनी हसून मान डोलावली आणि दुप्पट जोरानं चाक फिरवलं. यंत्र कण्हलं, खडखडलं, आणि टण्णकन एक लांबट तांब्याची चकती खालच्या वाटीत पडली.

ट्रूडी सायकल टाकून धावली. चकती अजून कोमट होती. एका बाजूला गिरणी. दुसरी बाजू तिनं एक डोळा मिटून वळवली. तिथे लिंकनसाहेब होते! नाक गाजराएवढं झालेलं, दाढी थेट घोड्याच्या शेपटीसारखी ओढलेली, पण लिंकनच. ट्रूडीनं त्या चपट्या अध्यक्षांचा मुका घेतला.

"इतकी आवडली?" फर्नबाई खूश झाल्या. "घे मग, तुलाच घे. जोलीननं मला फोनवर सांगितलं सगळं. धीर सोडू नकोस."

"मिस फर्न, तुमच्याकडे अशी एखादी पेनी होती का, जिच्यावर—" ट्रूडीनं आवाज चढवला. "डुक्कर!"

फर्नबाई एक पाऊल मागे सरकल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. "हां, ते होय! होतं की एक. यंत्रानं गिळलंच नाही. तीनदा घातलं, तीनदा थुंकलं. मला वाटलं, कॅनडाचं असेल."

"मग? कुठाय?"

"बहीण कॉफी आणायला गेली मर्नाकडे, तिच्या हाती परत पाठवलं. म्हटलं बशीतलं बशीत जाऊ दे. आपल्याला कुणाचं नको."

पुन्हा तोच रस्ता. पुन्हा 'दिवस पालटतात'. टोपलीतली नूडल्स हिंदकळत होती, पेन्या खुळखुळत होत्या, आणि त्या आवाजावर लोक आणखी बाहेर येत होते आणि आणखी पेन्या टाकत होते. अख्ख्या ओहायोत पेनीचा दुष्काळ आणि या एका सायकलवर सुगी! मर्नाबाईंच्या दुकानात पोचली तेव्हा बशी चाटूनपुसून रिकामी होती. बटणसुद्धा गेलं होतं.

"अगं, जेवणाची वेळ," मर्नाबाई कपाळ पुसत म्हणाल्या. "निम्मं गाव येऊन गेलं. सुटे द्यायला मी बशीच उपसली. कुणाला काय दिलं, कसं आठवावं?"

ट्रूडीनं टोपलीतल्या सगळ्या पेन्या मर्नाबाईंच्या गल्ल्यात ओतल्या, कारण आता त्या वाहून नेण्याचंही बळ उरलं नव्हतं, आणि वाचनालयाकडे निघाली. नूडल्सचं भांडं तेवढं सोबत राहिलं.

दारात बाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, चेहरा पडलेला.

"ट्रूडे, सापडलं?"

तिनं मान हलवली.

"आणि जोलीन म्हणते आपलं दिवाळं निघालंय. खरंय? मला कुणी बोललंच नाही."

"बाबा, मी सांगून टाकणारे. सगळ्यांसमोर."

हँकनं तिच्या हातातलं भांडं घेतलं. "मी पण उभा राहतो. मूठ माझी होती."

सभागृह नेहमीपेक्षा भरलेलं होतं. मंडळाचे सभासद पुढच्या रांगेत, आणि मागे ओबरमायरबाई, न्हावी, फर्नबाई, बहीण, पत्रांची पिशवी घेऊन जोलीन. नाण्यांत कुणालाच रस नव्हता, पण संकटातल्या पोरीच्या भाषणाला टाळ्या वाजवणं हे कर्तव्य होतं. फक्त डॉक्टर स्टाउटांची खुर्ची रिकामी होती. ते कधी उशिरा येत नसत. त्यांनी लोकांना वाट बघायला लावली होती ती फक्त दवाखान्यात.

ट्रूडी टेबलामागे उभी राहिली. समोर पुठ्ठ्याची चौकट, पालथी. चौकटीच्या खिडकीत काहीच नव्हतं.

"क्रेमरच्या डुकराबद्दल बोलायच्या आधी," ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच जुना वाटला, वर्गातल्या मागच्या बाकावरचा, "मला एक सांगायचंय—"

धाडकन दार उघडलं.

"थांब! थांब, पोरी!" डॉक्टर स्टाउट आत आले. टोपी वाकडी, कोटाचं बटण भलत्याच काजात, कोटावर पिठीसाखर. उजव्या हाताच्या दोन बोटांत काहीतरी कडेनं धरलेलं. "सभ्य स्त्रीपुरुषहो! दुसरं सापडलं!"

"दुसरं काय?" पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"क्रेमर! आपल्या गावात! मर्नाकडे कॉफी घेतली, तिनं सुटे दिले, आणि मी सवयीनं बघितलं, तर डुक्कर माझ्याकडे बघतंय!" ते टेबलापाशी आले. त्यांचा श्वास फुलला होता. "आणि ऐका. माझ्या क्रेमरवर डुकराच्या कानाशी एक बारीक खाच आहे. मी आजवर समजत होतो, कधीतरी पडल्यामुळे आली. याच्यावरसुद्धा आहे! तश्शीच! त्याच कानाशी! म्हणजे काय? म्हणजे दोष नाण्यात नव्हता, साच्यात होता! मला लेख लिहावा लागणार."

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. एकजण तर ठराव न मांडता उठून उभा राहिला.

"आणि ट्रूडी," डॉक्टर म्हणाले, आणि हसले. त्यांचे दात गावानं पहिल्यांदाच बघितले. "हे दुसरं मी तुला द्यायचं ठरवलंय. गावात एकाच्याच घरात असू नये. आण तुझ्याकडचं, दोन्ही शेजारी ठेवू."

ट्रूडीनं डॉक्टरांकडे बघितलं. त्यांच्या बोटांतलं डुक्कर बघितलं. तिचं स्वतःचं क्रेमर! पाच सेकंद ते तिचं होतं. मग तिनं चौकट सुलटी केली.

खिडकीतून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"डॉक्टर, दोन नाहीत," ती म्हणाली. "एकच आहे. हेच ते."

आणि तिनं सांगितलं. रुमाल, बाबांची मूठ, बशी, यंत्र, कॅनडा, सगळं. मध्येच हँक उभे राहून "मूठ माझी होती" म्हणाले आणि बसले. यंत्रानं टोकन तीनदा थुंकलं हे ऐकताना डॉक्टरांनी खुर्चीचा हात धरला.

"म्हणजे," मागून जोलीन हळूच म्हणाली, "दिवाळं नाही निघालेलं?"

"माझं भांडं!" ओबरमायरबाई म्हणाल्या.

डॉक्टर खाली बसले होते. तळहातावरच्या टोकनाकडे बघत होते. नेहमी कडेनं धरणारा माणूस, पण आता ते चक्क तळहातावर पडलं होतं.

"मर्नानं मला हे सुटे म्हणून दिलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एक सेंट म्हणून?"

"हो, डॉक्टर. मला फार—"

"नऊ वर्षांचा होतो मी," डॉक्टर म्हणाले. ते कुणाशीच बोलत नव्हते. "तेव्हापासून हातात येणारं प्रत्येक सुटं नाणं उलटून बघतोय. कधीतरी, कुठल्यातरी दुकानात, एक टोकन असं आपोआप हातात येईल म्हणून. माझ्या संग्रहातलं प्रत्येक टोकन विकत घेतलेलंय. एकही मिळालेलं नाही." त्यांनी तळहातावरचं टोकन उलटलं. "आज मिळालं."

मग त्यांनी मान वर केली आणि दवाखान्यातला आवाज काढला. "ओट्यावर उघडं ठेवलंस?"

"हो."

"ठेवताना कडेनं धरलं होतंस?"

"हो, डॉक्टर."

"हं," डॉक्टर म्हणाले. "मग भाषण सुरू कर. आणि हे आजचं सगळं त्यात घाल. लेख तूच लिही. माझा साच्याचा सिद्धांत तर फुटलाच."

पहिल्या रांगेतले एक आजोबा कळवळून रुमाल घेऊन पुढे आले. "साखर लागलीय हो त्याला. जरा पुसून—"

"नाणं पुसत नाहीत!" ट्रूडी आणि डॉक्टर एकदम ओरडले. पण त्या दोघांच्याही आधी, नूडल्सचं भांडं पोटाशी धरून, हँक होल्ट्झ ओरडले होते.

क्रेमर साखरेसकट चौकटीत गेलं.

भाषण ऐकून सर्वांत जास्त विचारात पडल्या त्या दुकान बंद करून आलेल्या मर्नाबाई. "किराणावाल्याला जमलं, मग मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी पुढच्याच आठवड्यात लाकडाची टोकनं करून घेतली. एका बाजूला झेंडा, दुसऱ्या बाजूला डोनट. सुट्यांऐवजी टोकन घ्या, पुढच्या खेपेला चालवा. गावानं आनंदानं घेतली. सुट्यांची कटकट मिटली. मर्नाबाई दहा दिवस सुखात होत्या.

अकराव्या दिवशी टोकनं संपली. चालवायला एकही परत येईना. झालं होतं असं, की डॉक्टर स्टाउटांनी भिंगातून बघून जाहीर केलं की काही टोकनांवर डोनटचं भोक किंचित डावीकडे सरकलंय. मंडळात तेवढ्यात जोलीन, न्हावी, फर्नबाई आणि त्यांची बहीण दाखल झालेली. भोक-मधे आणि भोक-डावीकडे अशा दोन्ही जाती जमवल्याशिवाय कुणाला झोप येईना. सगळी टोकनं पुठ्ठ्याच्या चौकटींत जाऊन बसली. मर्नाबाईंनी डोक्याला हात लावला आणि नवी पाटी टांगली, 'मूठभर टोकनं आणा, डोनट फुकट न्या.'

शनिवारी सकाळी ट्रूडी सायकलवरून जाताना तिला त्या पाटीखाली बाबा उभे दिसले. दारातून ताज्या डोनटचा वास येत होता. हँकनं खिशात हात घातला, मूठभर टोकनं काढली, एकेक उलटून उजेडात धरली. कडेनं. एका टोकनाशी ते बराच वेळ थांबले.

मग सगळी टोकनं त्यांनी अलगद परत खिशात ठेवली, सुस्कारा सोडला, पाकीट काढलं, आणि आत जाऊन एक डोनट विकत घेतला.